हळदीने बिघडलेलं मशीन

पनवेलच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, रंभा नाखवांचं लेझर मशीन कशाने बिघडलं? उत्तर एकच येईल, हळदीने. हा किस्सा तीन महिने मासळी बाजारापासून उरण नाक्यापर्यंत फिरला आणि तो फिरवणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःला फार शहाणा म्हणवून घेतोय असं कुणाला वाटायला नको.

मी वीज मंडळात तीस वर्षं मीटर तपासायचो. कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी मीटरवर जाते, मग माणसांवर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. रंभाताई आमच्या समोरच्या खोलीत राहतात. त्या मला नावाने कधीच हाक मारत नाहीत, ‘मीटरवाले’ म्हणतात, आणि ती हाक वरच्या दोन मजल्यांना ऐकू जाते. चोवीस वर्षं बाजारात ओट्यावर बसून मासे विकलेल्या बाईचा आवाज आहे तो. त्याच्यासमोर भल्याभल्यांनी घासाघीस सोडून दिली होती.

त्यांचं माहेर उरणजवळच्या करंजाचं. वडील होड्या बांधणारे सुतार. बोटीच्या पुढच्या टोकाला नावाची पाटी असते, ती कोरावी तर या म्हाताऱ्यानेच, असं बंदरावर मानायचे. रंभाताईंनी लहानपणी त्यांच्याशेजारी बसून बारीक पात्याची करवत हातात धरली. वडिलांची अक्षरं त्यांच्या हातात जशीच्या तशी उतरली, आणि सोबत एक सवयही आली. बंदरावर दहा सुतार एका जागी काम करायचे आणि संध्याकाळी हत्यारांची सरमिसळ व्हायची. म्हणून म्हातारा प्रत्येक हत्यारावर खिळ्याने आपली खूण ठोकायचा, एक उभी रेघ आणि तिला दोन आडव्या. एकाच जातीची दोन हत्यारं असली तर पहिल्यावर एक टिंब, दुसऱ्यावर दोन. हत्यार घरात आलं की आधी खूण, मग काम.

रंभाताईंनी ही रीत पनवेलला आणली. त्यांच्या पोळपाटावर खूण आहे, कोयत्यावर आहे. एकदा माझा एक स्क्रूड्रायव्हर त्यांनी मागून नेला. दोन महिन्यांनी मी तो परत मागायला गेलो तर मुठीवर ती खूण! मी बोट दाखवलं तर म्हणाल्या, “खूण पडली की घरचा झाला, मीटरवाले. तुमी पण आता घरचेच.” मी हसलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

नवरा काशिराम बंदरात कामाला होता. पाच वर्षांपूर्वी गेला. बर्फात हात घालून घालून रंभाताईंच्या बोटांना चिरा पडायला लागल्या होत्या, डॉक्टरांनी बाजार बंद करायला सांगितलं. त्यांनी ओटा सोडला आणि वडिलांची करवत पुन्हा हातात घेतली. घराच्या पाट्या, बोटींच्या पाट्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे हळदीच्या पाट्या. आपल्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवाच्या तोंडाशी नवरा-नवरीच्या नावांची लाकडी पाटी नसेल तर पाहुणे बोलतात.

लेझर मशीन आणलं निकेशने. निकेश म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा, तुळशीरामचा मुलगा. आयटीआयसाठी करंजाहून आत्याकडे राहायला आला तो आठ वर्षं इथेच राहिला. रंभाताईंना मूलबाळ नाही. पापलेटचा मधला तुकडा कुणाच्या ताटात जातो ते पाहिलं की त्या घरात कोण कुणाचं काय लागतं ते कळायचं.

मशीन म्हणजे फार काही नाही. टेबलावर मावेल अशी ॲल्युमिनियमची चौकट, दोन पट्टे, आणि त्यांच्यावर सरकणारं एक डोकं. सगळं बळ त्या डोक्यात. मूठभर धातूचा ठोकळा, आत डायोड, खाली लेन्स. त्यातून निळा प्रकाश निघतो आणि लाकूड जाळत कापत जातो. पहिलं डोकं साधं होतं, प्लाय कापायला त्याला सहा फेऱ्या लागायच्या. वर्षाने त्याच कंपनीचं दुप्पट जोराचं डोकं घेतलं. त्यात एकाऐवजी दोन डायोड. आकार तोच, फक्त वर चकचकीत पत्र्याचं कव्हर. ते एका फेरीत प्लाय सोडवायचं आणि अक्षर टपकन खाली पडायचं. रंभाताई त्या आवाजावर खूश होत्या.

नवीन डोकं आलं त्या दिवशी मी तिथेच होतो. रंभाताईंनी कव्हर सरकवून आतल्या ठोकळ्यावर खिळा ठेवला तसा निकेश ओरडला, “आते, वॉरंटी जाईल!”

“वारंटी जाव दे. खूण पायजे,” म्हणत त्यांनी खूण ठोकली. दोन टिंबं. जुन्या डोक्यावर एक टिंब आधीच होतं.

मीही माझी खोड भागवून घेतली. माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आहे, यंत्र किती वॅट वीज खातं ते दाखवणारा. दोन्ही डोकी आळीपाळीने लावून, पूर्ण जोरावर चालवून मी आकडे पाहिले आणि स्विचबोर्डाच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवले. जुनं २९, नवीन ५२. मग जुनं डोकं त्याच्या खोक्यात घालून माळ्यावर गेलं आणि ते आकडे मी विसरलो. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

दसऱ्याला रंभाताईंनी हत्यारांची पूजा मांडली. काशिराम होता तोवर तो करायचा, नंतर त्याच करत आल्या. करवती, कानस, हातोडी आणि मधोमध मशीन, त्याला झेंडूची माळ. त्यांनी प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं उठवली. मशीनच्या डोक्यावरही पाच बोटं, समोरच्या पत्र्यावर. ताट निकेशनेच धरलं होतं. मी प्रसादाला गेलो होतो, मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे पाहिलं असेल. तेव्हा माझं अर्धं लक्ष शिऱ्यात होतं.

तीन दिवसांनी दिपिका नावाच्या एका मुलीच्या हळदीची पाटी कापायची होती. तिच्या घरची माणसं घ्यायला आलेली, मीही दारात टेकलेलो. मशीन फिरलं, धूर आला, पण अक्षर सुटेना. पुन्हा फेरी, पुन्हा तेच. चौथ्या फेरीला कडा कोळशासारख्या झाल्या, रंभाताई ‘दि’ ओढून काढायला गेल्या आणि वेलांटी तुटून हातात आली. निकेशने वाकून मशीनचं डोकं पाहिलं, कापसाचा बोळा आत फिरवला आणि बाहेर काढून सगळ्यांसमोर धरला. बोळा पिवळा होता.

“आते, तू लेन्सवर हळद लावलीस.”

रंभाताई म्हणाल्या, “आत नाय लावली. वरती लावली, पत्र्यावर.”

“मग हे काय हाय? लेन्सवर हळद जळली, त्याने डायोड गेला. आता काय नाय होत त्याचं.”

पाटीवाल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मीही हसलो. मी तर वर म्हणालो, “रंभाताई, मशीनला हळद लावली, आता लग्नही लावून टाका.” सगळे खो खो हसले. त्या हसल्या नाहीत. बोळ्याकडे पाहत पुन्हा एकदा हळूच म्हणाल्या, “वरती लावली होती.” ते कुणी ऐकलं नाही.

इथवर ती गंमत होती. पण किस्सा बाहेर पडला की त्याला पाय फुटतात. आठवड्याभरात बायका वेगळंच बोलायला लागल्या. नवरा गेलेल्या बाईने हळदीकुंकवाला हात लावला, मग दुसरं काय होणार? मशीनच ते, पण त्यालाही सोसलं नाही. हे मी माझ्या बायकोच्या तोंडून ऐकलं आणि तिला गप्प केलं. पण बाहेर जाऊन कुणालाही गप्प केलं नाही. तेवढं अंग झाडून काम करायची माझी तयारी नव्हती.

रंभाताईंनी हे मनावर घेतलं. दिवाळीत त्यांच्या दारात रांगोळीवर हळदकुंकू नव्हतं. ज्यांच्या घरी मांडव पडायचा त्यांच्याकडे त्या जाईनाशा झाल्या. आणि निकेशची तर त्यांनी माफी मागितली, माझ्यासमोर. “तुजा धंदा मी बुडवला रे.” निकेश मान खाली घालून म्हणाला, “जाव दे आते, तुना काय मुद्दाम केला?” पंधरा दिवसांनी तो जवळच्या ओवे गावात मित्राबरोबर गिफ्टचं दुकान टाकतो म्हणून गेला. रंभाताईंनी त्याला डब्यात सुके बोंबील भरून दिले, आणि ज्यांच्या पाट्या राहिल्या होत्या त्या लोकांचे नंबरही दिले. आपल्या हातून झालेल्या चुकीची भरपाई म्हणून.

जानेवारीत तुळशीरामने नवी बोट बांधून पूर्ण केली. माघी गणपतीला ती पाण्यात सोडायची होती. नाव ठेवलं ‘रेवा’. रेवा म्हणजे या भावंडांची आई. त्या घरात रीत अशी की नव्या बोटीची पाटी घरातल्या हाताने कोरायची आणि पाण्यात जाण्याआधी बोटीला पहिली हळद घरच्या लेकीने लावायची. याआधीच्या दोन्ही बोटींना रंभाताईंनीच लावली होती, दुसरीच्या वेळी तर काशिराम जाऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. या वेळी तुळशीरामचा फोन आला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, आम्हाला सगळं ऐकू येतं.

“बाय, पाटी निकेश करतोय दुकानात. तू तरास नको घेव. आणि हळद या टायमाला माझी बायको लावंल. लोकं बोलतात, तुना म्हाईत हाय.”

रंभाताई म्हणाल्या, “बरं.”

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या. आवाज चढवून नव्हे, कडी वाजवून. “मीटरवाले, मना एकदा त्या मशीनकडं बघून द्या. आईच्या नावाची पाटी मना करायची हाय. हळद नाय तर नाय. पाटी तरी माझ्या हातची असू दे.”

मी गेलो. खोटं कशाला बोलू, दयेपोटी गेलो. डायोड जळलाय हे मी धरूनच चाललो होतो.

सुरुवात लेन्सपासून केली. हिरवे चष्मे लावून मशीन चालवून पाहिलं, प्रकाश येत होता, पण दम नव्हता. बंद करून, प्लग काढून मी स्पिरिटमध्ये भिजवलेली कापसाची काडी आत फिरवली. बाहेर काढली तर टोक पिवळट तपकिरी. रंभाताईंनी ती काडी माझ्या हातातून घेतली, वास घेतला, बोटांवर चोळली. मग उठून फडताळातून काशिरामची तंबाखूची डबी आणली. पाच वर्षं ती तिथेच होती. डबीतल्या सुक्या चुन्यात त्यांनी पाण्याचा थेंब टाकला आणि काडीचं टोक त्यात बुडवलं. दुसरीकडे चिमूटभर हळदीत थोडा चुना कालवला. हळद लगेच लालभडक झाली. काडी होती तशीच तपकिरी राहिली.

“ही हळद नाय,” त्या म्हणाल्या. “हा प्लायचा डिंक हाय. धुराचा.”

त्या जमिनीवर बसल्या आणि काडी हातात धरून रडायला लागल्या. मला ती बाई रडताना कधी पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी उगाच पट्टे तपासत बसलो.

लेन्स स्वच्छ झाली तरी प्लाय सुटेना. मग आम्ही एकेक करून सगळं पाहिलं. लाकडापासून डोक्याची उंची मोजायची पितळी पट्टी ठेवून फोकस बघितला. त्यानेही समाधान होईना म्हणून प्लायचा तुकडा एका बाजूने उचलून तिरका ठेवला आणि त्याच्यावर लांब रेघ मारली. रेघ सगळ्यात बारीक जिथे आली ती उंची पट्टीएवढीच होती. म्हणजे फोकस ठीक. पट्टे ताठ होते. धूर उडवायला निकेशने माशांच्या टाकीचा पंप लावला होता, तो वारा देत होता. प्लाय खाडीच्या वाऱ्याने दमट झाला असेल म्हणून रंभाताईंनी तो दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला, दुकानातून नवीन प्लायही आणला. काही फरक नाही. कोरीव काम छान व्हायचं, कापायला गेलं की मशीन धापा टाकायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला माझा मीटर आठवला. इतका वेळ का नाही आठवला याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते शेवटी रंभाताईंनीच दिलं. मी प्लगमध्ये मीटर लावला आणि मशीन पूर्ण जोरावर चालवलं. लेन्स घाण असती तर यंत्राने वीज पूर्ण खाल्ली असती आणि प्रकाश तेवढा अडला असता. हे यंत्र वीजच कमी खात होतं. मी आकडा वाचला आणि मान वर केली. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. जुनं २९, नवीन ५२.

मीटरवर २९ होते.

नोकरीत मी वीजचोर पकडले ते असेच. कच्चा चोर मीटर बंद पाडतो आणि सापडतो. पक्का चोर तो हळू करतो, म्हणजे तपासणाऱ्याला वाटतं मीटरच जुना झालाय. मी तीस वर्षं लोकांच्या भिंतींवरचे आकडे पाहिले आणि इथे समोरच्या खोलीत तीन महिने पाहिले नाहीत.

“रंभाताई, कव्हर काढा,” मी म्हणालो.

त्यांनी माझाच तो स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चकचकीत पत्रा सरकवला. आतल्या ठोकळ्यावर उभी रेघ होती, दोन आडव्या होत्या, आणि एक टिंब होतं. एकच. नव्याच्या पत्र्याखाली जुनं डोकं.

त्यांनी त्या टिंबावर नख टेकवलं. मग स्टूल ओढून माळ्यावरून जुन्या डोक्याचं खोकं काढलं. खोकं जड होतं. आत त्यांच्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीत जाळ्याला बांधायचे शिशाचे मणी गुंडाळून ठेवले होते. कुणी खोकं उचलून पाहिलंच तर वजनाला कमी लागू नये म्हणून.

“चिंधी पण माझीच घेतली,” रंभाताई म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या रागाच्या भरात ओव्याला जातील. गेल्या नाहीत. त्या जुन्या डोक्यावर त्यांनी पाटी कापायला घेतली. वेग अर्ध्यावर आणला, फेऱ्या वाढवल्या, मध्ये मध्ये थांबून काजळी पुसली. सात फेऱ्यांनी अक्षर सुटायचं. काळ्या कडा त्यांनी वडिलांच्या कानशीने घासल्या. दोन दिवसांनी ‘रेवा’ तयार झालं. वडिलांचं अक्षर जसंच्या तसं. तो ‘र’ मी करंजाच्या जुन्या बोटींवर पाहिलेला होता.

माघी गणपतीच्या सकाळी आम्ही माझ्या पुतण्याच्या गाडीतून करंजाला गेलो. रंभाताईंच्या मांडीवर कापडात बांधलेली पाटी, पिशवीत एका टिंबाचं डोकं आणि शिशाचे मणी, आणि कागदाच्या पुडीत हळद. वाटेत कंटेनरच्या रांगेत तासभर अडकलो.

बंदरावर बोट रंगवून, पताका लावून उभी होती. गर्दी होती, बँजो वाजत होता. पुढच्या टोकाला पाटी आधीच बसवलेली, काळ्या अक्षरात ‘रेवा’, कॉम्प्युटरची ठरलेली अक्षरं. रंभाताई सरळ पाटीपाशी गेल्या आणि अक्षराच्या कडेवरून बोट फिरवलं. “एका फेरीत कापलाय. आमचाच हाय,” त्या मला म्हणाल्या. एवढ्यात निकेश आला, पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले आणि पिशवीतून डोकं काढून त्याच्या हातात दिलं.

“यावर किती टिंबं हायत रं?”

निकेशने पाहिलं नाही. त्याने बापाकडे पाहिलं. त्या एका नजरेने रंभाताईंना सगळं कळलं, आणि मलाही.

“तुळश्या, तुना म्हाईत होता?”

तुळशीराम पुढे येऊन हळू आवाजात म्हणाला, “बाय, आज नको. पोराला दुकान टाकायचा होता, चांगला मशीन पायजे होता. तू एकटी, तुना काय कमी हाय? तू दिलाच असतास.”

“दिलाच असता,” रंभाताई म्हणाल्या. “मागितला असता तर दोन्ही दिले असते, आणि वरती हळदकुंकू लावून दिले असते. मशीन ने. पण माझी हळद कशाला नेलीस? तीन महिने मी देवाम्होरं हात जोडायला घाबरलेय. मना वाटायचा, माझा हातच वाईट हाय. लोकं बोलत होती तवा तुमी दोघं गप्प बसलेत.”

“आते, मी लोकांना तसा नाय बोललो,” निकेश म्हणाला. “मी फक्त लेन्स बोललो होतो. बाकीचा लोकांनीच...”

“आणि तू ऐकलास. तुना बरा झाला.”

लोक वळून पाहायला लागले होते. बँजोवाल्याने हात थांबवला. तुळशीरामने घाईघाईने बायकोच्या हातून हळदीचं ताट घेतलं आणि बहिणीपुढे धरलं. “चल, झाला गेला. ये, तूच लाव बोटीला पहिली हळद. तुझाच मान हाय. ये बाय.”

खरं सांगतो, मला वाटलं झालं, मिटलं. यासाठीच तर आलो होतो आपण. रंभाताईंचा हात ताटाकडे गेलासुद्धा. मग तो थांबला.

“आज ताट दिलास ते तुझा पोरगा पकडला म्हणून,” त्या म्हणाल्या. “माझा हात चांगला हाय म्हणून नाय दिलास.”

त्यांनी ताटाला हात लावला नाही. पाटी काखेत मारली आणि वळल्या. मागे तुळशीराम हाका मारत होता, मग बँजो पुन्हा सुरू झाला. आम्ही उरणच्या रस्त्याला लागलो तेव्हा नारळ फुटल्याचा गलका ऐकू आला. रंभाताई काच वर करून बसल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी ‘रेवा’ आपल्याच दारावर ठोकली. खिळे मी धरले. मग पुडी सोडून त्यांनी पाटीवर हळदीची पाच बोटं उठवली, चांगली ठसठशीत, जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. वरच्या मजल्यावरची एक बाई उतरता उतरता थबकली. रंभाताईंनी तिच्याकडे पाहत सहावं बोटही उठवलं.

मला वाटलं आता काहीतरी बरं बोलावं. म्हणालो, “वाईट झालं रंभाताई. पण निदान खरं तरी बाहेर आलं.”

त्यांनी हाताची हळद पदराला पुसली. “खरा मी पहिल्याच दिवशी सांगितला होता, मीटरवाले. ‘आत नाय, वरती लावली, पत्र्यावर.’ दोन वेळा सांगितला. तुमी तिथंच उभं होतात, पूजेला पण होतात. तुमी हसलात.” त्या चिडलेल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. “तुमाला काय शोधावं पण लागला नसता. आकडा तुमीच लिवलेला होता. पण बाईनं हळद लावली म्हटल्यावर कुणाला मीटर आठवतोय?”

मी खिळ्यांची डबी खाली ठेवली.

त्या आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा हातात माझा स्क्रूड्रायव्हर होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मुठीवरची खूण कानशीने घासून काढलेली होती, लाकूड तिथे पांढरं पडलं होतं.

“हा तुमचा,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.